डीजे बंद केल्यानं डफडं परत येत नसते

प्रति,
मा. संपादक,

विषय: डीजेवरची पत्रं आणि त्यातला 'जंगली' हा शब्द

नमस्कार.

पोळा जवळ आला की तुमच्या पत्रांच्या पानावर डीजेचा विषय निघतेच, यंदाही निघाला, आणि मी सगळी पत्रं वाचून राहिलो. अर्धे लोक म्हणतात बंद करा, 2000 सालचा ध्वनी प्रदूषणाचा नियम आहे, वस्तीत दिवसा 55 डेसिबल अन् रात्री 45, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद म्हणजे बंद. बाकीचे अर्धे म्हणतात आमच्याच सणाला काहून आडवे येता, परंपरा आहे आमची. (डीजे कधीपासून परंपरा झाला हे मात्र एकानंही लिहिलं नाही, आमच्या गावात जनरेटर लावलेला पहिला डीजे आला तेव्हा मी बारावीत होतो.) इथवर ठीक होतं. पण एका पत्रात एका साहेबांनी लिहिलं की ही पोरं "आफ्रिकेतल्या जंगली लोकांसारखी ढोल बडवत नाचतात", अन् तुम्ही ते जसंच्या तसं छापलं. म्हणून हे पत्र. लांब झालं तर शेवट कापा, मधलं कापू नका.

आफ्रिका म्हणजे काही एक गाव नाही. मला तिथल्या एका कोपऱ्याची थोडीफार माहिती आहे ती सांगतो. घाना नावाचा देश, त्याची राजधानी अक्रा, समुद्राच्या काठावर. माझ्या मावसभावाचा पोरगा तिथं टेमा बंदराकडे एका फॅक्टरीत कामाला आहे, तो अधूनमधून तिकडच्या वाजवण्याचे व्हिडिओ पाठवते, अन् मी पडलो डफडंवाल्याच्या घरातला, हात आपोआप मांडीवर वाजायला लागतो, मग जे जे सापडलं ते वाचत गेलो. अक्रा हे मुळात गा लोकांचं. इंग्रजांनी 1877 साली तिथं राजधानी आणली पण त्याच्या लय आधीपासून जेम्सटाउन, ओसू, ला, तेशी, नुंगुआ अशी त्यांची मासेमारीची अन् शेतीची गावं किनाऱ्यानं ओळीत होती, आज ती सगळी शहराच्या पोटात आहेत, आजूबाजूला बँका, मोबाईलची दुकानं, ट्रॅफिक. यात जंगल कुठं आहे ते साहेबांनीच दाखवावं.

आणि गंमत अशी की ज्यांना तुम्ही ढोल बडवणारे म्हणता त्या लोकांत दरवर्षी महिनाभर ढोलच वाजत नाही. मे महिन्याच्या सुमाराला त्यांचे पुजारी, त्यांना वुलोमो म्हणतात, देवाच्या वावरात मका पेरतात, आणि तिथून साधारण तीस दिवस ढोल नाही, गाणं-बजावणं नाही, मयतीला सुद्धा वाजवायचं नाही, अन् त्यांच्याकडे मयत म्हणजे वाजवण्याचा मोठा मोका असते हे लक्षात घ्या. दाणा रुजावा, पीक जीव धरावं, तोवर देवाला अन् मातीला शांतता पाहिजे असा त्यांचा भाव. प्रत्येक गावाच्या तारखा वेगळ्या, एकाची बंदी उठते तेव्हा दुसऱ्याची चालू असते. मुदत संपली की ओदादा नावाचं मानाचं वादन होते, ते वाजलं की मग सगळ्यांना मोकळीक. पुढं ऑगस्टच्या आसपास त्यांचा मोठा सण, होमोवो. मागं कधीतरी मोठा दुष्काळ पडला होता, नंतर मका पिकला, तेव्हा लोकांनी भुकेची टर उडवली, त्याची ही आठवण. बाहेरगावी शेती करणारे लोक त्या दिवसांत भाजीपाला, मका घेऊन वाजत गाजत अक्रात येतात, ठरलेल्या गुरुवारी. मक्याचं क्पोक्पोई नावाचं वाफवलेलं खाणं करतात, पामच्या फळाच्या रश्शासोबत, आणि गावचा राजा ते खाणं रस्त्यानं शिंपडत जातो, वाडवडिलांच्या नावानं.

हे वाचून मला पहिल्यांदा आठवलं ते आपलं मृग नक्षत्र. पेरणी होते, पाऊस दडी मारते, दुबार पेरणीच्या धास्तीनं माणूस रात्री उठून आभाळ पाहते, बियाण्याचे पैसे कुणाकडून घेतले ते आठवते, अन् नेमकं त्याच आठवड्यात कुणाच्या तरी उशिराच्या लग्नाचा डीजे पार नाल्यापर्यंत ऐकू येते. ज्याचं लग्न त्यालाही वाईट वाटते, पण सांगणार कोण?

तिकडं सगळं गोडीगुलाबीनं चालते असं बिलकुल नाही. अक्रात चर्च लय वाढले, त्यातल्या नव्या चर्चमध्ये ढोल, गिटार, माईक लावून प्रार्थना चालते, त्यांनी म्हटलं ही तुमच्या देवाची बंदी, आम्ही काहून पाळायची, घटनेनं आम्हाला धर्माचं स्वातंत्र्य दिलं. 1998 च्या मे महिन्यात कोर्ले गोन्नो भागातल्या एका चर्चवर हल्ला झाला, मारहाण, वाद्यांची तोडफोड, पुढची काही वर्षं दर मे महिन्यात टेन्शन. मग सरकार, गा लोकांची परंपरागत कौन्सिल आणि चर्चवाले एकत्र बसले. आता दरवर्षी महानगरपालिका तारखांची नोटीस काढते, प्रार्थना चारभिंतीच्या आत करा, स्पीकर बाहेर लावू नका, आणि लक्ष ठेवायला जी माणसं फिरतील ती पालिकेची, पोलिसांची आणि कौन्सिलची मिळून, ओळखपत्र लावलेली, कुणीही लाठी घेऊन उठला अन् निघाला असं नाही. अजूनही कुरबुर होते. पण मुद्दा असा की शांतता ठेवा हे सांगणारी माणसं तीच आहेत ज्यांचा ढोल जगात नावाजलेला आहे.

आपल्याकडे शांतता कोण सांगते? ठाणेदार. रात्री दहाला गाडी येते, वायर काढते, गाडी गेली की वायर परत लागते. वाजवणाऱ्याला वाटते पोलीस त्रास देतात, झोपणाऱ्याला वाटते पोलीस मिळालेले आहेत. गावानं म्हणून काही ठरवलेलंच नसते त्यामुळे गावाला मोडल्यासारखं वाटतच नाही.

आता महिनाभर गप्प बसलेले हे लोक मग वाजवतात काय ते पण सांगतो, कारण मला खरं तर त्याच्याबद्दलच लिहायचं होतं.

एक वाद्य आहे त्याचं नाव गोमे. दिसायला लाकडी पेटी, समोरच्या अंगाला कातडं. वाजवणारा त्या पेटीवरच बसतो, कातडं त्याच्या दोन्ही पायांच्या मध्ये येते, वाकून दोन्ही तळहातांनी वाजवतो आणि एक पाय वर घेऊन टाच कातड्यावर दाबतो. टाच सरकली की आवाज चढते, टाच सोडली की आवाज खाली खोल जाते. पोरानं पाठवलेल्या व्हिडिओत एक म्हातारा आहे, बनियान घातलेला, हातांकडं बघतही नाही, बाजूच्या माणसाशी बोलून राहिला, अन् टाच आपली बरोब्बर जागेवर. मी तो व्हिडिओ आमच्या इथल्या एका जुन्या ढोलकीवाल्याला दाखवला, त्यानं तीनदा मागं घेऊन पाहिला अन् म्हणाला "याचा पायच शाई आहे बावा." बरं हे वाद्य मूळ गा लोकांचं नाहीच. जमैकातून आणून सिएरा लिओनच्या फ्रीटाउनला वसवलेल्या 'मरून' लोकांनी (गुलामीतून पळालेल्या आफ्रिकन माणसांची ही जमात) ते सोबत आणलं, किनाऱ्या-किनाऱ्यानं पसरलं, गा सुतार-लोहार फर्नांडो पो बेटावर कामाला जायचे ते 1900 च्या आसपास तिथून घेऊन आले. म्हणजे अटलांटिक समुद्र ओलांडून गेलेला ढोल तिकडून परत घरी आला, तो पण मजुरी करणाऱ्या माणसांच्या खांद्यावर.

दुसरं क्पानलोगो. हे नाव लक्षात ठेवा कारण डीजेचा सगळा वाद याच्यात आहे. आज जगभर ते गा लोकांचं "पारंपरिक" नृत्य म्हणून शिकवतात, पण ते काही हजार वर्षांचं नाही, 1960 नंतरचं आहे. अक्रातल्या बुकोम मोहल्ल्यातल्या पोट्ट्यांनी काढलं, बॉक्सरांसाठी नावाजलेला मोहल्ला आहे तो. ओटू लिंकन ह्या माणसाचं नाव त्याच्याशी जोडलं जाते. पोरांनी काय केलं, गोमे घेतलं, ओगे अन् कोलोमाशी हे आधीचे नाच घेतले, अन् त्या काळात रेडिओ-सिनेमातून आलेलं रॉक अँड रोल अन् ट्विस्ट घेतलं, कमरेच्या हालचाली घेतल्या, अन् सगळं ढोलावर बसवलं. मोठी माणसं भडकली. अश्लील आहे म्हणाले, पोलिसांनी त्रास दिला. शेवटी अक्राच्या ब्लॅक स्टार चौकात खुद्द राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्यासमोर कार्यक्रम झाला तेव्हा कुठं त्याला मान मिळाला. आता सांगा, त्या वेळच्या पत्रलेखकांनी काय काय लिहिलं असेल!

त्याचा ढोल एकाच लाकडातून कोरलेला, वर बकरीचं नाहीतर हरणाचं कातडं, बाजूनं सहा लाकडी खुंट्या, खुंटी ठोकली की कातडं ताणते. पण सगळं चालते ते एका लोखंडी घंटीवर. घरी करून पाहा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन-चार, एक-दोन, एक-दोन-तीन-चार, आणि प्रत्येक "एक"वर टाळी. सोळा मात्रांत पाच ठोके. हाच ठेका क्यूबाच्या गाण्यातही आहे, गुलामीच्या जहाजांतून पश्चिम आफ्रिकेची माणसं तिकडं नेली गेली, त्यांच्यासोबत ठेकेही गेले. घंटीवाला हा ठेका अख्खा वेळ बदलत नाही, कंटाळला तरी नाही, बाकीचे ढोल त्याच्या भोवती आपापलं वेगळं बोलतात, आणि मुख्य ढोलवाला नाचणाऱ्यांना इशारा देते की आता वळा, आता बसा. डीजेत हे होत नाही. डीजे नाचणाऱ्याकडं पाहत नाही.

गा लोकांचे शेजारीही काही कमी नाहीत. पूर्वेला व्होल्टा नदीकडे एवे लोक, त्यांचा आत्सिमेवू नावाचा ढोल माणसापेक्षा उंच, घोडीला तिरका टेकवून उभ्यानं वाजवतात. जवळच डांगमे, त्यांचं क्लामा. तिकडं आकान लोकांचे आतुम्पान, जोडीचे ढोल, एक चढ्या आवाजाचा एक उतरत्या. आकान, एवे, गा या सगळ्या भाषांत सूर बदलला की अर्थ बदलते, म्हणून ढोलवाला वाक्याचा सूर जसाच्या तसा ढोलावर काढू शकते, राजाचं नाव, म्हण, मयतीची खबर. ऐकणाऱ्याला ते समजते. एवढ्या मोठ्या गोष्टीला "बडवणे" म्हणायचं म्हणजे हद्द आहे.

स्वातंत्र्य 1957 साली मिळालं आणि 1962 साली त्यांनी देशाचं नृत्य पथक उभं केलं, लेगोनच्या विद्यापीठात, क्वाबेना एन्केटिया नावाचे संगीताचे मोठे अभ्यासक अन् नृत्यगुरू मावेरे ओपोकू यांनी. गावातले उस्ताद विद्यापीठात शिकवायला आले. ओबो अडी नावाचा गा ढोलवाला, बाप गावचा पुजारी-वैद्य, पोरगा लहानपणी बापाच्या पूजेला वाजवायचा, पुढं अमेरिकेत स्थायिक झाला, 1996 साली त्याला तिथं देशाची वारसा फेलोशिप मिळाली. त्याचा भाऊ मुस्तफा टेट्टे अडी यानं 1988 साली अक्राजवळ कोक्रोबिटे गावात समुद्रकाठी ढोलाची शाळाच काढली, परदेशातले लोक फी भरून शिकायला जायचे.

आता आपल्याकडचं. इथं मी थोडं घरचं बोलतो.

माझे बाबा लग्नात डफडं वाजवायचे. पावसाळी हवा असली की कातडं सैल पडते, मग वरातीच्या आधी रस्त्याच्या कडेला तणस पेटवून त्याच्यावर डफडं फिरवायचं, बोटानं टिचकी मारून पाहायची, आवाज टणक झाला की उठायचं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. नवरदेव मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढायचा, वाजंत्री खाली. जेवण शेवटची पंगत उठल्यावर, मांडवाच्या मागं, घरून नेलेल्या जर्मनच्या गंजात. ज्यांच्या वाजवण्याशिवाय लग्न लागत नव्हतं त्यांना मांडवात जागा नव्हती. बाबांनी मला टिपरू हातात धरू दिलं नाही, "तू शाळेत जाय" एवढंच. बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं, बऱ्याच वस्त्यांनी वाजवणं सोडलं, अन् बरोबरच केलं, त्याच्याबद्दल कुणी आम्हाला संस्कृतीचे धडे देऊ नये. जे कालपर्यंत डफड्याला शिवत नव्हते ते आज पत्रात लिहून राहिले की "पारंपरिक वाद्य लोप पावत आहे". लोप पावलं नाही साहेब, तुम्ही हाकललं.

घानाच्या उत्तर भागात डागोम्बा लोक आहेत, त्यांच्यात पण वाजवणं घराण्यानंच चालते, बाप ते पोरगा. पण त्या वाजंत्र्यांचा मूळपुरुष राजाचा पोरगा होता असं ते मानतात, आणि राजघराण्याची अख्खी वंशावळ त्यांच्याच तोंडी असते. राजा कोण, त्याचा बाप कोण, कोण कसा वागला हे ढोलवाला सांगते. वंशपरंपरा त्यांच्यातही आहे अन् आपल्यातही, पण त्यांच्या ढोलवाल्याला दरबारात बसवतात आणि माझ्या बाबांना पायरीखाली उभं केलं. (बायांनी ढोल वाजवायचा नाही ही रीत तिकडंही बऱ्याच ठिकाणी होती, तेही सोनं नाही.)

ह्या रिकाम्या झालेल्या जागेत डीजे आला. अन् तो पोरांना काहून आवडते ते कुणी समजूनच घेत नाही. मशीनला जात नसते. डीजे कुणाच्याही दारात लागते, त्याला पंगतीत कुठं बसवायचं हा प्रश्न येत नाही. आमच्या मोहल्ल्यात 14 एप्रिलला पण डीजेच असते, मी खोटं बोलणार नाही, मी पण नाचलो. म्हणून नुसतं "बंद करा" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बंदीनं काही डफडं परत येत नसते. बंदी झाली तर शांतता येईल, ती पाहिजेच, माझ्या शेजारी बीपीचे पेशंट आहेत, गोठ्यातली जनावरं दावं तोडतात. पण डफडं ते वेगळं काम आहे.

अन् ते काम होऊ शकते. नागपूरकडचं धुमाल बघा, संदल बघा, तिथं आजही माणसं हातानं वाजवतात, नव्या गाण्यांच्या चाली घेतात, पोरं तुटून पडतात. बुकोमच्या पोरांनी जे केलं तेच आहे हे. आमच्या बाजूच्या कोलाम पोडांवर (म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर) दिवाळीत दंडार नाच निघते, गोंडांचा ढेमसा नाच आहे, तिथं ढोल वाजवणारा कुणाच्या पायरीखाली नसते, तो नाचाच्या मधोमध असते. आपल्याच तालुक्यात दोन्ही रीती आहेत, बघायला अक्राला जायची गरज नाही.

मी ह्या वेळच्या ग्रामसभेत विषय मांडणार आहे. पेरणीपासून पीक जमिनीवर दिसेपर्यंत गावात स्पीकर नाही, लग्न असो की वाढदिवस, गावानंच ठरवायचं अन् फलकावर लिहायचं, ठाणेदाराची वाट पाहायची नाही. पोळ्याला तोरणापाशी झडत्या (बैलांपुढं म्हणायची गाणी) माईकशिवाय होऊ द्या, पूर्वी ऐकू येतच होत्या. आणि पोळ्याच्या वर्गणीतून डीजेला जेवढे देता तेवढेच हातानं वाजवणाऱ्यांना द्या, कोणत्याही जातीचे असोत, आधी ठरवून, अर्धे अॅडव्हान्स, आणि जेवायला पहिल्या पंगतीत. ज्याला शिकायचं त्या पोरापोरींना शाळेत शनिवारी एक तास द्या, शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला मानधन द्या, "सेवा" म्हणून फुकट बोलावू नका. ग्रामसभेत कोण काय म्हणेल ते मला आताच माहीत आहे. होऊ द्या.

तुमच्याकडं एकच मागणं. मागच्या वर्षी पोळ्याचा फोटो छापला होता तुम्ही, मधोमध डफडंवाला, हात वर, फोटो एक नंबर आला होता. खाली नावं कुणाची, तर बाजूला उभे असलेल्या चार पाहुण्यांची. यंदा बातमीदाराला सांगा की वाजवणाऱ्याला त्याचं नाव अन् गाव विचारून घे, अन् ते आधी छापा.

आपला वाचक,
ता. केळापूर, जि. यवतमाळ